रसदीतील विष, अफवा आणि पुरवठादाराची जबान

लष्कराला शिधा पुरवण्याचा ठेका मिळालेला माणूस भेटला की आपण त्याला दोनच प्रश्न विचारतो. दर काय लागला आणि बिल किती दिवसांत निघते. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. उद्या छावणीत दोनशे जवान एकाच रात्री उलट्या करू लागले आणि पिठात कोणीतरी काहीतरी मिसळले होते अशी कुजबुज सुरू झाली, तर तुम्ही पहिल्या तासात कोणाशी, काय आणि कोणत्या कागदाच्या आधारे बोलाल? प्रस्तुत लेख या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

सैन्याच्या अन्नात मुद्दाम विष किंवा घाण मिसळली जाऊ नये म्हणून बंदोबस्त करणे हा या विषयाचा एक भाग झाला. त्यासाठी कुलूप, सील, पहारा आणि प्रयोगशाळा लागते. असे काही घडल्यावर, किंवा घडल्याचा नुसता संशय आल्यावर, जवानांना, अधिकाऱ्यांना, पुरवठादाराला आणि बाहेरच्या जनतेला काय सांगावे, कधी सांगावे आणि कोणी सांगावे, हा दुसरा भाग. आज त्याचे स्वतंत्र शास्त्र झाले आहे. आपल्यापैकी जे मसाले, पीठ, बेकरीचा माल, अंडी, मांस किंवा भाजी मोठ्या स्वयंपाकघरांना पुरवतात, मग ते लष्कराचे असो, वसतिगृहाचे असो वा इस्पितळाचे, त्यांना हा दुसरा भाग पहिल्याइतकाच माहीत असला पाहिजे.

कानपूरचे स्वस्त पीठ

१८५७ चे नाव काढले की काडतुसांची चरबी आठवते. पिठाची हकीकत कमी लोकांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याने मात्र तीच आधी वाचावी.

त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत कानपुरात पिठाचे भाव चढले होते. मेरठच्या काही धान्य व्यापाऱ्यांनी संधी ओळखली. त्यांनी सरकारी नावा भाड्याने घेतल्या आणि पाण्याच्या वाटेने पीठ कानपूरला धाडले. पहिली खेप बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त होती, हातोहात खपली. बाकीचा माल पोहोचण्याआधीच बातमी उठली की हे पीठ कालव्यावरच्या चक्क्यांत युरोपियनांच्या देखरेखीखाली दळलेले आहे, त्यात गायीच्या हाडांचा चुरा मिसळला आहे आणि खाणाऱ्याचा धर्म बाटवणे हा त्यामागचा डाव आहे. कुठे कुठे डुकराच्या हाडांचेही नाव त्यात जोडले गेले, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांचीही सोय झाली. त्यानंतर भाव कितीही पाडला तरी शिपाई त्या पिठाला हात लावीनात. ही धास्ती कानपूरहून दुसऱ्या छावण्यांतही गेली. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने हा प्रसंग आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे.

या अफवेत हाडांचा चुरा आणि धर्म बाटवण्याचा डाव खोटा होता. बाकीच्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या. पीठ खरोखरच स्वस्त होते, नावा खरोखरच सरकारी होत्या, कालवाही सरकारचाच होता. सरकारचा या सौद्याशी संबंध नावांच्या भाड्यापुरता होता, पण अफवेला तेवढा धागा पुरला. शिवाय १८५६ मध्ये अवध खालसा झाले होते, त्याच वर्षी नव्या शिपायांवर समुद्रापार जाण्याची अट घातली गेली होती आणि १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदममधून काडतुसांच्या चरबीची वार्ता निघाली होती. मन आधीच तापलेले होते.

व्यापारी म्हणून माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. माल एवढा स्वस्त का, हा प्रश्न कानपूरच्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मनात आला असणार. आपण कापडाच्या धंद्यात भाव पाडतो तेव्हा कारण सांगतो. सीझन संपला आहे, लॉट एकगठ्ठा उचलला आहे, थानाच्या किनारीला बारीक डाग आहे. कारण न सांगता पाच रुपये कमी केले तर गिऱ्हाईक कापड उजेडात नेऊन दोनदा उलटून बघते. स्वस्ताईचे कारण विकणाऱ्याने सांगितले नाही तर ते दुसरा कोणीतरी सांगतो, आणि तो दुसरा अनेकदा महाग माल भरून बसलेला शेजारी असतो. कानपुरात तसे झाले असे मी म्हणत नाही, त्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पण नवी स्वस्त खेप बदनाम होण्यात कोणाचा फायदा होता हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याला सुचेल.

काडतुसांच्या बाबतीत सरकारने जे केले ते आणखी शिकण्यासारखे आहे. शिपायांनी वंगण स्वतःच बाजारातून आणावे अशी मुभा दिली गेली. पुढे काडतूस दातांनी तोडण्याऐवजी हाताने फाडावे असा कवायतीत बदल केला गेला. दोन्ही उपाय योग्य होते. पण शिपायांनी अर्थ उलटा काढला. आधी खराबी नव्हती तर आता बदल कशाला? बदल करताना, शंका तुम्ही घेतलीत, ती आम्ही ऐकली, तपास असा केला आणि म्हणून हे पाऊल उचलत आहोत, असे त्यांच्या भरवशाच्या माणसाच्या तोंडून सांगितले गेले नाही, म्हणून तोच बदल कबुलीजबाब ठरला. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळातील ९० पैकी ८५ शिपायांनी काडतूस घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांना बेड्या घातल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले. धर्मात ढवळाढवळ करण्याचा सरकारचा कोणताही इरादा नाही, असा गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचा जाहीरनामा निघाला १६ मे रोजी. त्या सहा दिवसांत दिल्ली हातातून गेली होती.

हाँगकाँगची पावरोटी

योगायोग असा की त्याच वर्षी, १५ जानेवारी १८५७ रोजी, हाँगकाँगमध्ये खरेच विष मिसळले गेले. तेव्हा इंग्रज आणि चीन यांच्यात दुसरे अफू युद्ध चालू होते. ई-सिंग नावाच्या बेकरीची पावरोटी वसाहतीतल्या युरोपियन घरांत जात असे. त्या सकाळच्या रोटीत सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला. कित्येक शे लोक आजारी पडले. गव्हर्नर जॉन बोरिंग यांच्या पत्नीही त्यांत होत्या. विषाचे प्रमाण इतके जास्त होते की लोकांना लगेच उलट्या झाल्या आणि बरेचसे विष पोटाबाहेर पडले; म्हणून त्या दिवशी प्रेतांचा ढीग पडला नाही.

बेकरीचा मालक चियोंग आ-लुम त्याच सकाळी कुटुंबासह आगबोटीने मकाऊला निघाला होता. वसाहतीला दुसरा पुरावा नको होता. पकडून आणले गेले तेव्हा कळले की त्याच्या घरच्या माणसांनीही तीच रोटी खाल्ली होती आणि ती आजारी पडली होती. बेकरीच्या कामगारांना एका लहानशा खोलीत दाटीवाटीने कोंडून ठेवले गेले. खटला चालला, ज्यूरीने चियोंगला निर्दोष ठरवले. तरी त्याला पुन्हा अटकावले गेले आणि शेवटी वसाहत सोडून जावे लागले. विष कोणी घातले हे आजतागायत नक्की ठरलेले नाही.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. कानपुरात विष नव्हते, तरी माल मेला. हाँगकाँगमध्ये विष होते, कोर्टाने माणूस सोडला, तरी धंदा आणि गाव दोन्ही गेले. त्या रात्री कणीक कोणी मळली, पिठाची पोती कोणत्या गोदामातून आली, भट्टीपाशी बाहेरचे कोण येऊन गेले, हे दाखवायला बेकरीवाल्याकडे काही असते तर खरा गुन्हेगार सापडण्याची आशा होती आणि त्याचीही बाजू उजळ झाली असती. पण कोणत्याही जमान्यात संशय आधी माणसाच्या जातीवर जातो, नंतर कागदावर. हे आपल्याला नवीन नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीत जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरवले गेले आणि कित्येक गावांत मुसलमान भाजीवाल्या-फळवाल्यांना गल्लीत येण्यास मनाई झाली. तपासात ते व्हिडिओ जुने किंवा दुसऱ्याच प्रसंगाचे निघाले, पण त्या हंगामाची विक्री परत आली नाही.

घाईचा निष्कर्ष

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचे गाव आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये तेथील दहा हॉटेलांत जेवलेले ७५१ लोक जुलाब-तापाने आजारी पडले, ४५ जणांना इस्पितळात ठेवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. कच्च्या भाज्यांच्या सॅलडमधून साल्मोनेला जंतू पोटात गेले होते. आरोग्य खात्याच्या सुरुवातीच्या तपासात कारण निघाले ते असे की अन्न हाताळणाऱ्या नोकरांनी स्वच्छता पाळली नाही. म्हणजे काकडी चिरणारा आणि ताट मांडणारा गुन्हेगार ठरला.

खरा प्रकार वर्षभराने उघडकीस आला. पुण्यातील आश्रमामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या रजनीश यांच्या अनुयायांची मोठी वसाहत त्या परिसरात होती. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच पडून राहावेत, म्हणून वसाहतीतील काही पुढाऱ्यांनी हे जंतू सॅलडमध्ये मिसळवले होते. १९८५ मध्ये त्यांच्यातच फूट पडली, खुद्द रजनीश यांनी आपल्या सचिव शीला यांच्यावर जाहीर आरोप केले, झडतीत वसाहतीच्या प्रयोगशाळेत त्या जंतूंची कुपी मिळाली, आणि १९८६ मध्ये शीला यांच्यासह दोघींना शिक्षा झाली. या प्रकरणाचा सविस्तर शास्त्रीय अहवाल वैद्यकीय मासिकात छापून आला तो १९९७ मध्ये. तो इतकी वर्षे रोखला गेला, कारण वाचून कोणी नक्कल करील ही भीती होती.

या प्रकरणात आपल्या विषयाच्या दोन्ही अडचणी एकत्र आहेत. पुरावा अपुरा असताना कारण जाहीर केले तर निरपराध माणसाची रोजी जाते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. उलट सगळेच जाहीर केले तर दुसऱ्या दुष्टाला रस्ता कळतो. वाट यांच्या मधून काढायची असते. काय झाले, कोणता माल आणि लोकांनी काय करावे, हे ताबडतोब सांगायचे. कसे केले, पहारा कुठे कच्चा होता, हे तपास करणाऱ्यांपुरते ठेवायचे. आणि जे समजलेले नाही ते अजून समजलेले नाही असे साफ सांगायचे. हे शेवटचे वाक्य उच्चारणे साहेब लोकांना सर्वांत जड जाते, दुकानदारांनाही.

अन्नाचे नव्हे पण औषधाचे एक उदाहरण चांगल्या बाजूचे आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले, सात माणसे मेली. दोषी सापडला नाही. पोलीस लाऊडस्पीकर लावून वस्त्यांतून फिरले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने, विष कारखान्यात मिसळले गेल्याची चिन्हे नसतानाही, देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि १० कोटी डॉलरहून अधिक नुकसान सोसले. नंतर उघडल्यास लगेच ध्यानात येईल असे सीलबंद वेष्टन आले. वर्षभरात त्यांचा बराचसा बाजार परत आला. छोट्या दुकानदाराकडे कोट्यवधी डॉलर नसतात हे खरे. पण त्या कंपनीने आधी लॉट क्रमांक सांगितले, म्हणून लोकांना आपल्या कपाटातली बाटली काढून पाहता आली. ते करायला पैसा लागत नाही.

सैन्याची रीत

अमेरिकन सैन्यात अन्नाच्या तपासणीचे काम पशुवैद्यकीय दलाकडे आहे. हे दल १९१६ मध्ये स्थापन झाले. त्याआधी १८९८ मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धात त्यांना धडा मिळाला होता. जवानांना दिलेल्या गोमांसात मुडदे टिकवण्याची रसायने घातली होती असा आरोप खुद्द जनरल नेल्सन माइल्स यांनी केला. चौकशीत रसायनाचा पुरावा मिळाला नाही. डब्यातले मांस निकृष्ट होते आणि उष्ण हवेत खाण्याजोगे राहत नव्हते, एवढे खरे. तोपर्यंत सगळ्या देशाने आरोप मान्य करून टाकला होता. त्या युद्धात लढाईपेक्षा आजारानेच कितीतरी जास्त जवान गेले होते, त्यामुळे वाईटावर विश्वास बसणे सोपे होते.

आता त्यांची रीत अशी आहे. ज्या कारखान्याची सैन्याच्या तपासनिसांनी पाहणी करून मान्यता दिली आहे त्याच्याकडूनच माल घ्यायचा. अशा पुरवठादारांची यादी ठेवलेली असते. परदेशी मुलुखात तळ पडला तर तेथील स्वयंपाकघराची, पाण्याची आणि माल येण्याच्या वाटेची वेगळी पाहणी होते आणि सेनापतीला धोका किती आहे ते लेखी कळवले जाते. कोणता माल संशयास्पद ठरला तर पुरवठा विभागातून जगभरच्या तळांना एक ठराविक नमुन्याचा संदेश जातो. त्यात मालाचे नाव, छाप, लॉट क्रमांक, काय दोष आहे किंवा कोणता संशय आहे, आणि माल बाजूला काढून रोखून ठेवायचा की नष्ट करायचा हे लिहिलेले असते. तळावरच्या माणसाने कोठीत जाऊन पाहायचे आणि माल सापडल्यास ते कळवायचे. आपण मात्र नाही सापडला हेसुद्धा कळवावे, कारण उत्तर आले नाही म्हणजे माल नाही असे समजण्यात धोका आहे.

कॅपिटल गुंतवल्यावाचून आपल्याला घेता येईल अशी त्यांची आणखी एक रीत आहे. शत्रूच्या ठिकाणांपैकी कोणते सर्वांत कच्चे, हे ठरवण्यासाठी त्यांच्या विशेष दलांनी तयार केलेला हिशेब पुढे अन्न खात्याने आपल्या कारखान्यांकडे उलटा फिरवला. स्वतःच्या गोदामाकडे वैऱ्याच्या नजरेने पाहायचे. एका माणसाचा हात पुष्कळांच्या ताटापर्यंत कुठे पोहोचतो, तिथे कोण एकटा असतो आणि काही बिघडले तर ते किती उशिरा ध्यानात येईल, हे प्रश्न विचारायचे. चक्कीवाल्याने किंवा मसालेवाल्याने एका संध्याकाळी, यंत्र बंद झाल्यावर, असे फिरून पाहावे. बहुतेकांना पहिल्या दहा मिनिटांतच एक दार सापडेल ज्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे हे मालकालाच सांगता येत नाही.

२००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून तेथे अन्न पाठवणाऱ्या परदेशी कारखान्यांनाही नोंदणी सक्तीची केली. आपल्याकडचे मसाला, मासळी आणि आंब्याच्या रसाचे निर्यातदार ही नोंदणी दर दोन वर्षांनी नवी करतात. माल आपल्याकडे कोणाकडून आला आणि आपण कोणाला दिला, एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे, एवढी नोंद तेथील कंपन्यांना ठेवावी लागते. आपल्या देशात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे, आपला माल नियमाबाहेर गेला आहे असे मानायला कारण मिळताच तो परत घेण्याची आणि कारणासह अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावरच आहे. परत मागवण्याची पद्धत २०१७ च्या नियमांत दिली आहे. लायसन्स भिंतीवर टांगून हे नियम न वाचणारे आपल्यात थोडे नाहीत.

जवानाच्या मनात काय चालते

धोका मोजण्याची शास्त्रज्ञाची तऱ्हा वेगळी आणि सामान्य माणसाची वेगळी. पॉल स्लोविक यांच्या संशोधनाने दाखवले की जो धोका आपण स्वतः पत्करलेला नाही, जो डोळ्यांना दिसत नाही, ज्याची दहशत वाटते, तो माणसाला आकड्यापेक्षा मोठा भासतो. पीटर सँडमन तर म्हणतात की लोकांच्या दृष्टीने धोका म्हणजे प्रत्यक्ष अपाय अधिक त्यांचा संताप. लष्करी जेवणात या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. जवान बाजारात जाऊन दुसरे पीठ आणू शकत नाही. लंगरात जे शिजेल ते खायचे. त्यात कोणी मुद्दाम मिसळले असे ऐकले की शिळ्या भाजीने झालेल्या जुलाबापेक्षा त्याचा राग शंभर पट असतो, पोटदुखी तेवढीच असली तरी.

म्हणून त्याला घाबरू नका म्हणण्यात अर्थ नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला गेला तेव्हा पाच हजारांहून अधिक लोक इस्पितळांत धावले. त्यांतल्या पुष्कळांना गंभीर बाधा नव्हती. ते खोटे बोलत नव्हते. भीतीनेही मळमळते, हातपाय गळतात. छावणीत असे झाले तर खरा आजारी आणि भ्यालेला असे दोन्ही जवान एकाच रांगेत उभे राहतील, आणि दोघांशीही इज्जतीने बोलावे लागेल. कोणती लक्षणे असल्यास ताबडतोब यायचे आणि कोणती नसल्यास बराकीत थांबायचे, हे तासाभरात सांगितले तर रांग अर्धी होते.

बोलणारा कोण, हेही तितकेच महत्त्वाचे. मुख्यालयाच्या परिपत्रकापेक्षा जवान आपल्या सुभेदाराचे ऐकतो. आपल्या सेनेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे धर्मशिक्षक असतात. अन्नाची शंका धर्माशी जोडली गेली, जशी १८५७ मध्ये जोडली गेली, तर त्यांना सगळ्यांत आधी विश्वासात घ्यावे लागते. नंतर अफवा खोडण्यासाठी त्यांना पुढे केले तर त्यांचाही शब्द पडतो. अधिकाऱ्याने जेवण आधी चाखण्याचा रिवाज चांगला आहे, कारण जवान तो डोळ्यांनी पाहतो. मात्र त्यावर विसंबून राहणे चूक. साल्मोनेलासारख्या जंतूचा परिणाम सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही दिसतो. चाखणारा साहेब ढेकर देऊन निघून गेलेला असेल.

पुरवठादाराने काय करावे

आधी माझ्याच धंद्यातली एक लहानशी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून गेलेल्या रंगीत चादरींचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. पहिला फोन आला तेव्हा मी तेच म्हणालो जे आपण सगळे म्हणतो: आमच्या मालाची अशी तक्रार कधी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तीन फोन. मग गाठींवरचे मार्के आणि बिल्ट्या काढून बसलो. चारही तक्रारी एकाच दिवशी रंगवलेल्या मालाच्या होत्या, एकूण अकरा गाठी. त्या अकरा गाठी कोणाकडे गेल्या ते वहीत होते, म्हणून ज्यांची तक्रार आली नव्हती त्यांनाही मीच फोन केला. दोघांनी शिव्या दिल्या, बाकीच्यांनी माल परत पाठवला आणि पुढची ऑर्डरही दिली. पण पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले ते वाक्य एक गिऱ्हाईक आजही मला ऐकवते. चादरीने कोणी मरत नाही. पिठाच्या व्यापाऱ्याला दुसरा दिवस मिळेलच असे नाही.

तेव्हा प्रत्येक लॉटला क्रमांक द्या आणि तो पोत्यावर, बिलावर आणि वहीत एकच ठेवा. प्रत्येक लॉटचा छोटा नमुना, तारीख घालून, माल घेणाऱ्यासमोर सील करून ठेवा. भांडण झाले तर प्रयोगशाळेत पाठवायला तुमच्या हाती तेवढेच असते. पोत्याचे तोंड शिवताना ठराविक रंगाची सुतळी आणि क्रमांक असलेले सील लावा. गेटवर उतरवून घेणाऱ्याला सील पाहून सही करण्याचा आग्रह धरा, तो कंटाळला तरी. सील तुटलेले पोते स्वस्तात खपवू नका. ते परत आणा आणि का आणले ते लिहून ठेवा.

कामगारांविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे आपली चूक मोठी आहे. काही वेगळे दिसले तर सर्वांत आधी ते हमालाला, चक्की चालवणाऱ्या पोराला किंवा पॅकिंग करणाऱ्या बाईला दिसते. गोणीला वेगळा वास, अनोळखी माणूस, काल कुलूप होते ते आज उघडे. ते सांगायला आले की आपण आधी विचारतो, तू तिथे काय करत होतास? दुसऱ्या वेळी तो येत नाही. अमेरिकेच्या अन्न खात्याने २००८ मध्ये खास कामगारांसाठी शिकवणी काढली, ती याच विचाराने. सांगणाऱ्याची रोजी कापली जाणार नाही हे मालकाने सगळ्यांसमोर बोलून ठेवले पाहिजे. तसेच परप्रांतातला, परधर्माचा किंवा नवा कामगार म्हणून कोणाचे नाव पोलिसांपुढे फेकू नका. हाँगकाँगच्या बेकरीत नेमके तेच झाले होते, आणि विष घालणारा कधी सापडला नाही.

बोलण्यासाठी एकच माणूस ठरवा, मालक असो वा मुनीम. घरातली पाच माणसे पाच उत्तरे देऊ लागली की तपास अधिकाऱ्याला सहावे उत्तर स्वतः शोधावे लागते. छावणीचा पुरवठा अधिकारी, तिथला डॉक्टर, अन्न खात्याचा अधिकारी आणि आपला वकील, यांचे नंबर कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवा, कारण मोबाईल नेमका त्या वेळी बंद पडतो. वर्तमानपत्रवाल्याला लष्कराच्या स्वयंपाकघराची काहीही माहिती देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही. आपल्या मालाविषयी मात्र बोला.

पहिल्या तासाचा मजकूर आधीच लिहून ठेवता येतो. अमेरिकेतील व्हिन्सेंट कोव्हेलो यांचा ठोकताळा आहे की संकटात माणसाच्या डोक्यात तीनच मुद्दे शिरतात, आणि तेही थोड्या शब्दांत. आमच्या पानासाठी मी एक नमुना करून पाहिला आहे. गाळलेल्या जागा ज्याने त्याने भराव्यात:

“छावणीत काही जवान आजारी असल्याचे आम्हांला आज ___ वाजता कळले, त्यांची आम्हांला काळजी आहे. आम्ही ___ तारखेला ___ क्रमांकाच्या लॉटचे ___ कट्टे पुरवले होते. आजाराचे कारण अजून ठरलेले नाही. कारण ठरेपर्यंत या लॉटचा माल वापरू नये, वेगळा काढून ठेवावा, फेकू नये. हाच लॉट आणखी ___ ठिकाणी गेला आहे, त्यांनाही आम्ही कळवले आहे. सील केलेला नमुना आणि नोंदवही तपासासाठी तयार आहे. पुढची माहिती आम्ही संध्याकाळी ___ वाजता देऊ.”

हा मजकूर मराठी, हिंदी आणि उर्दूत तयार ठेवावा, आणि वकिलाला आजच दाखवून घ्यावा, त्या दिवशी नव्हे. संध्याकाळी दिलेली वेळ झाली आणि सांगण्यासारखे नवे काही नसले, तरी त्या वेळेला फोन करून नवे काही नाही एवढे सांगायचे, आणि उद्याची वेळ द्यायची.